डाव्या बाजूचा स्पीकर

परमेश्वरानं ही सृष्टी निर्माण करून झाल्यावर माझ्या मामेसासऱ्यांना एकदा दाखवून घेतली असती, तर तिच्यातली निम्मी त्याला परत न्यावी लागली असती. समुद्र खारट म्हणून, फणसाला काटे म्हणून, आणि माणसं तर एकासारखी दुसरी नाही म्हणून सरसकट. माझ्या बायकोचे हे मामा हाडाचे तपासनीस. आधी चिंचवडच्या एका कारखान्यात आणि तो चाकणला हलला तेव्हा त्याच्या मागोमाग चाकणला, अशी बत्तीस वर्षं त्यांनी प्रेस शॉपमध्ये काढली; म्हणजे जिथं घराएवढी यंत्रं पत्र्यावर दणादण आदळतात आणि गाड्यांचे भाग घडवतात तिथं. चांगल्या मालाला हिरवं लेबल, बाद मालाला लाल, आणि ज्याच्याबद्दल मन ग्वाही देत नाही त्याला पिवळं. पाच वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले, लेबलं झाली नाहीत. निगडीच्या प्राधिकरणातल्या त्यांच्या घरात आजही फ्रिजवर हिरवं आहे, न्हाणीघरातल्या नळावर पिवळं आहे आणि एका भाच्यानं हौसेनं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली नऊ वर्षं लाल आहे. घड्याळ बरोबर वेळ दाखवतं. पण बारा आणि सहा समोरासमोर नाहीत, असं मामांचं म्हणणं.

मीही यातून सुटलो नाही. साखरपुड्यात मी फेटा बांधून, छाती पुढं काढून मांडवभर मिरवलो, आणि फोटो आले तेव्हा कळलं की माझ्या पाठीवर एक पिवळं लेबल आहे. लग्नानंतर महिन्याभरानं मी धीर करून विचारलं, "मामा, हिरवं कधी?" मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावई हा माल वापरात असतानाच तपासायचा असतो, जावईबापू. घाई न्हाई करायची." या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तपासणी चालू आहे.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर असतो, जाडी आणि व्यास मोजायचा. एका दिवाळीत त्यांनी मामींच्या चकल्या मोजल्या. "व्यास बरोबर हाय," ते म्हणाले, "पण काटे एकसारखे न्हाईत." मामींनी शांतपणे ताट उचललं. "मग खाऊ नका." मामा गडबडले. "अगं, खाल्ल्याबिगर रिपोर्ट कसा लिहू?" अकरा चकल्या खाऊन रिपोर्ट लिहिला गेला. बोलणं मात्र इतकं मोठ्यानं, की ते निगडीत "चहा टाक" म्हणाले तर देहूरोडला कुणीतरी आधण ठेवावं. प्रेस शॉपमध्ये बोललेलं ऐकू येतच नसे, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत, आणि मामांनी ती अख्खी भाषा घरी आणून मामींना शिकवली होती. लग्नाच्या हॉलमध्ये हजार माणसांच्या गर्दीत मामा या टोकाला, मामी त्या टोकाला. यांनी पोटावर गोल बोट फिरवलं की "जेवलीस का?" मामींनी मनगटावर बोट ठेवलं की "निघू या." आणि दोन बोटांनी गुडघ्यावर टकटक केलं की "लक्ष दे, माल येतोय." आम्ही हॉलमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडत असताना हे दोघं मुकाट्यानं संसार करत.

आणखी एक विचित्र सवय होती. कुठल्याही कार्यात मामा ओळीतली डाव्या टोकाची खुर्ची पकडत आणि मामी त्यांच्या उजवीकडे. रस्त्यानं चालतानाही मामी उजवीकडे. घरी जेवायला बसलं की जावयाचा मान म्हणून मला मामांच्या डाव्या हाताला पान मिळे. तिथं बसून मी वर्षानुवर्षं एकाहून एक विनोद केले. पंगत हसे. मामा वरणभात कालवत राहत. हे पिवळ्या लेबलाचं कडक धोरण आहे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

आता त्यांचं ब्रीदवाक्य सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे. "माल बाद करण्याआधी आपलं गेज तपासा." गेज म्हणजे मापायचं साधन. एका नव्या तपासनिसानं म्हणे सकाळभर माल लाल केला, लाइन थांबवली, साहेब धावत आले, आणि मामांनी पुढं होऊन फक्त त्या पोराचं गेज तपासलं. ते झिजलेलं होतं. "दोष मालात नव्हता, मापणाऱ्यात व्हता!" ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान चौदा वेळा ऐकली आहे आणि दर वेळी ते पोर आधीपेक्षा जास्त रडलेलं असतं.

तर मामींचा एक जुना टेप डेक होता. मामा पहिल्या शिफ्टहून आले की संध्याकाळी सहाला चहा, डेकवर भावगीतांची कॅसेट आणि मग अंगणातल्या झोपाळ्यावर दोघं. निवृत्तीनंतरही सहाचा ठोका चुकला नाही. गाणं संपलं तरी मामी स्वयंपाकघरात तासभर तेच गुणगुणत राहायच्या. भाजी चिरताना, कणीक मळताना. गेल्या वर्षी डेक बंद पडला. दापोडीतल्या एका जुन्या कारागिरानं तो उघडला, बघितला आणि तसाच मिटून परत दिला. पार्टच मिळत नाहीत. घरातलं गुणगुणणं थांबलं. मामांनी डेकला लाल लेबल लावलं नाही. तो कपाटावर तसाच, कोऱ्या अंगानं पडून राहिला. एकदा मामी देवळात गेलेल्या असताना ते मला म्हणाले, "जावईबापू, सहा वाजता आता नुसता चहा होतो. ही गात न्हाई. यावर कायतरी इलाज पायजे." बत्तीस वर्षांत त्यांनी लाखो भाग तपासले असतील, पण एखादी गोष्ट नसण्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली.

मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. बंगळुरूहून मुलीचा फोन आला. "बाबा, आईला म्युझिक सिस्टिम देऊ या. कुठली ते तुम्ही फक्त सांगा." तपासनिसाला "फक्त सांगा" म्हणणं म्हणजे मांजराला "दुधाकडे फक्त बघ" म्हणणं.

निवड दोन गोष्टींत होती. एक, सगळं एकाच डब्यात असलेला प्लेयर: वायफायला जोडायचा, मोबाइलवर गाणं निवडायचं, डबा गातो. दुसरी, स्पीकरची जोडी: दोन सुटे स्पीकर, पोटातच अ‍ॅम्प्लिफायर, एक डावीकडे ठेवायचा, एक उजवीकडे. मामांनी तुलनेचा तक्ता आखला. आठ दिवसांत त्याचे चार कागद झाले आणि डिंकानं जोडल्यावर तो पलंगावर मावेना. "एका डब्यात सगळं म्हणजे एक पार्ट गेला की अख्खी असेंब्ली भंगारात," असं सकाळी म्हणत. "जोडी म्हणजे जोडणी आली, आणि जोडणी आली की ढिलाई आली," असं संध्याकाळी. मी म्हणालो, "मामा, मामींनाच विचारा ना." ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला विचारून कुणी तपासणी करतं व्हय?"

शेवटी जोडीचं पारडं जड झालं, आणि चिंचवडच्या एका दुकानदारानं, बिचाऱ्यानं, ती घरी ऐकायला पाठवली. मामांची पद्धत शास्त्रशुद्ध. मधोमध स्टूल. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर एकेक स्पीकर. मान ताठ, डोळे मिटलेले. एक गाणं संपलं. "डावा बाद," मामांनी जाहीर केलं. "बासरीत जीवच न्हाई." लाल लेबल. दुसरी जोडी आली. डावा बाद. तिसरी आली, ती वेगळ्याच कंपनीची. डावा बाद. दुकानदार स्वतः हजर झाला. "काका, अहो तीन जोड्या! सगळ्यांचे डावेच कसे काय बिघडतील? मला तर चांगला ऐकू येतोय."

"तुम्ही विकणारे. तुम्हाला चांगलाच ऐकू येणार."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. लग्नाच्या वाढदिवसाचा समारंभ चार दिवसांवर आला होता.

तो रविवार होता. मी पोहोचलो तेव्हा मामा तिसऱ्या जोडीशी झुंजत होते. "दोष शोधायचा तर अदलाबदल करायची," ते म्हणाले आणि डावा स्पीकर उचलून उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. बाद ठरलेला स्पीकर लगेच खणखणीत वाजायला लागला आणि चांगला मेला. मामांच्या कपाळावर आठी पडली. वायरी बदलल्या. डावाच मेलेला. भिंतीतला प्लग बदलला. डावाच. "वास्तूत दोष असेल," मी डावीकडून विनोद केला. उत्तर नाही. मग पद्धतीत उरलेली शेवटची पायरी म्हणून त्यांनी स्पीकर जागच्या जागी ठेवले, स्टूल उलटं फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बासरी सुरू झाली. मेलेला स्पीकर आता त्यांच्या उजव्या कानाशी आला होता आणि खणखणीत वाजत होता; मेला होता तो चांगला. मग त्यांनी एक हात सावकाश उचलून उजव्या कानावर ठेवला. काढला. परत ठेवला. माझ्या कानांना दोन्ही स्पीकर नीट वाजत होते, पण मामांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला गाणं बंद करावंसं वाटलं. प्रेस शॉपमध्ये त्यांचं टेबल कुठं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात मोठं यंत्र त्यांच्या डाव्या हाताला होतं.

"गेज झिजलंय," ते हळू म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि त्या मामांच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या, नेहमीसारख्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ती डाव्या टोकाची खुर्ची, ते उजवीकडून चालणं.

"तुला ठाऊक व्हतं?" मामांनी विचारलं.

"बारा वर्षं."

"मग बोलली का न्हाईस?"

"अहो, तुम्ही जगाला लेबलं लावणार. तुम्हाला लाल लावायला माझा हात नाही धजला." मामींनी कप मामांच्या हातात दिला. "आणि मला काय, उजवीकडे बसलं की झालं."

मग खरं भांडण जुंपलं. मामी म्हणाल्या, एकच डबा घ्या, सगळा आवाज एकीकडून येईल, तुम्हाला सगळं ऐकू येईल. मामा म्हणाले, "अजिबात न्हाई. तुझे दोन्ही कान ओके हायत. तू अर्धं का ऐकायचं?" दोघंही एकमेकांसाठी इतक्या तावातावानं भांडले की शेजारी गॅलरीत आले. शेवटी मामांनी तो पलंगाएवढा तक्ता पसरला आणि तळाला नवी ओळ आखली: "ऐकणार कोण?" पुढं लिहिलं: "ही." तिन्ही लाल लेबलं त्यांनी आपल्या हातांनी काढली. दुकानदाराला फोन केला, माफी मागितली, आणि त्याला ती चौदा वेळा सांगितलेली गोष्ट पंधराव्यांदा सांगितली. या वेळी त्यात पोर नव्हतं.

मुलगी आली, डॉक्टर झाले, कानाला यंत्र आलं. त्याला सध्या पिवळं लेबल आहे आणि ते डबीत असतं. मला जेवताना आता समोर बसवतात. एकदा मी माझा सर्वोत्तम विनोद ठेवणीतून काढून खणखणीत सांगितला. मामांनी लक्षपूर्वक ऐकला, विचार केला आणि म्हणाले, "परत बनवून आणा." म्हणजे बारा वर्षांचे विनोद कानामुळे वाया गेले हे खरं, त्याआधीच्या पाच वर्षांचे कशामुळे गेले, याची चौकशी मी करत नाही.

परवा संध्याकाळी सहाला त्यांच्याकडे डोकावलो. झोपाळा आता आत, जोडीसमोर आणलाय. मी दारातच थांबलो. मामी गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. मध्येच डाव्या स्पीकरमधून बासरी येणार, हे त्यांना पाठ. ती यायच्या जराशी आधी त्यांनी मामांच्या गुडघ्यावर दोन बोटं टकटक वाजवली. लक्ष द्या, माल येतोय. आणि मामांनी, ज्यांनी साक्षात चकलीसुद्धा मोजल्याशिवाय सोडली नाही त्या मामांनी, त्या मुक्या बाजूकडे मान वळवली आणि काहीही न तपासता डोलवायला सुरुवात केली.