आईचा पाट

शाळेतून घरी आले की माझा घसा बसलेला असतो आणि पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. मी भिवंडीत मराठी शिकवते, राहते जवळच्या कोन गावात, आईबरोबर. त्या दिवशी मी आले तर आई दारात पाय पसरून बसली होती आणि आत माझी धाकटी बहीण भांडी आपटत होती. हायवेवरच्या अपघातात तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती लहान लेकीला घेऊन आमच्याकडेच असते.

"आता काय झालं?" मी चपला काढत विचारलं.

"तिला पाट लावाचा हाय," आई म्हणाली. "मी न्हाय म्हनलंय."

"पाट काय गं, आई?" आतून आवाज आला. "लग्न म्हण ना! दुसरं असलं तरी लग्नच आहे."

स्थळ वडप्याचं होतं. एका गोदामातला सुपरवायझर, बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणूस बरा होता. मला वाटलं होतं आई सुटकेचा निःश्वास टाकेल.

पाट हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. एक शब्द, अनेक अर्थ. जेवायला बसतो तो पाट, पोरं चटकन सांगतात. शेताला पाणी नेतो तो पाट, हे आताशा मलाच सांगावं लागतं, कारण त्यांच्या आजोबांच्या शेतांवर गोदामं उभी आहेत. मग मूळ सांगायचं. संस्कृतातला 'पट्ट'. त्याचा अर्थ फळीही आणि कापडाची पट्टीही. त्यातूनच पाटी आली, पट्टा आला, राजाशेजारी बसणारी पाटराणी आली. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची पोरं पट्टा म्हटलं की मागाचा पट्टा आठवून खुशीत मान डोलावतात. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट का म्हणायचे, हे मात्र मला आजवर कुणी धड सांगू शकलेलं नाही. कुणी म्हणतं, होम नाही, फेरे नाहीत, नुसतं पाटावर बसवायचं म्हणून. कुणी म्हणतं, नवं लुगडं नेसवायचं, त्या कापडावरून. खरं काय, देव जाणे.

हा अर्थ मी लहानपणीच ऐकला होता, फक्त समजला नव्हता. वडील लूमवर होते आणि आम्ही भिवंडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. नळावर बायका आईबद्दल म्हणायच्या, "ती पाटाची हाय." मी वडिलांना विचारलं, पाटाची म्हणजे काय? ड्युटीवरून आलेले, कानात-भुवयांत कापसाची तुसं अडकलेली. ते म्हणाले, "आपल्या घरी पाट हाय ना, म्हनून." मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी नळावर ऐटीत सांगितलं, आमच्याकडे एक नाही, दोन पाट आहेत. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आईने हंडा उचलला आणि ती चालायला लागली. कुणाच्याही हळदीला ती मागे, चुलीपाशी का थांबायची, ते मला फार उशिरा कळलं.

मी चहा टाकला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"तू स्वतः पाटाची. मग हिला का अडवतेस?"

तिने चहा बशीत ओतला.

"मला पोर होता," ती म्हणाली. "पैल्या घरचा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"दात येत होतं त्याला. पाटाला जानारीनं पोर न्यायचा न्हाय, असं होतं तवा. त्यांचं घर, त्यांचा पोर. सासूनं कडेवरनं काढून घेतला." तिने बशी खाली ठेवली. "मंग एकदा बाजारात दिसला, तिचं बोट धरून. माझ्याकडं बघितलं त्यानं. वळखलं न्हाय."

इतकी वर्षं मला एक भाऊ होता. धक्का बसायला हवा होता, पण मला नुसतं थकल्यासारखं झालं, जणू कुणाचं तरी ओझं मीच इतका वेळ डोक्यावर घेऊन उभी होते.

बहीण लेकीला घेऊन दाराशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, मी हिला ठेवून जाणार नाही. त्यांना आधीच सांगितलंय."

"हो बोलला तो?"

"त्यांनीच आधी विचारलं, हिची शाळा कुठली बघायची."

"मंग मला का न्हाय सांगितलंस?"

"तू सांगू दिलंस का? पाट ऐकलं की उठून जातेस."

रविवारी तो माणूस भेटायला आला. आईने ना पगार विचारला, ना घर. एवढंच विचारलं, "पोरगी कुनाजवळ निजंल?"

तो गोंधळला. "तिला पाहिजे तिथं, मावशी."

आईने मान हलवली आणि त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

लग्न नोंदणीने झालं, जेवण घरी. आई येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने सांगत होती, "माझ्या लेकीचा पाट हाय आज." बहिणीने एकदाही टोकलं नाही. संध्याकाळी भाची नव्या बापाच्या कडेवर बसून, हातातला लाडू सांभाळत गाडीत गेली.

सगळे गेल्यावर मी आईला विचारलं, त्या भावाचा शोध घेऊया का? तुझं पहिलं सासर काय, आजूबाजूची गावं काय, कुणाला तरी माहीत असेलच.

"नको," ती म्हणाली. "आय मेली असंच सांगितलं असंल त्याला. रडून झालं असंल त्याचं. आता जित्ती कशाला करतेस?"

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ओट्यावर भांड्यांचा ढीग होता आणि सकाळी माझा पहिलाच तास होता. मी पदर खोचला, पाणी काढलं आणि घासायला बसले.