एक तारखेला कळसचं पाणी अडलं

एक तारखेला सकाळी मी बारामतीहून भिगवणला निघालो होतो, रोहित पक्षी बघायला. पोचलो इंदापूरला. डोकं अजून तापलेलंच आहे...

निघायच्या आधी एक काम उरकलं होतं. कळसच्या एका पाणी संस्थेची साइट मी बघतो. कुणाची पाण्याची पाळी कधी, ती यादी तिथं लागते. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, नवी यादी चढवली आणि नवा पत्ता आमच्या डीएनएस सर्व्हरमध्ये टाकला. साइटचं नाव विचारलं की ती कुठल्या मशीनवर आहे ते हा डीएनएस सांगतो.

असे आमचे दोन डीएनएस आहेत, लिनक्सवर चालणारे साधे संगणकाचे डबे. फोन दोन्हीपैकी कुणालाही विचारतो. मुख्य बारामतीत, जोडीदार इंदापुरात सलीमभाईंच्या वायफायच्या दुकानात. मुख्यात बदल केला की जोडीदार तो आपोआप उतरवून घेतो... घ्यायला हवा.

वाटेत एक गुऱ्हाळ दिसलं. काकवी कशी उकळते ते बघत तासभर तिथंच रमलो. सव्वाबाराला आबांचा फोन. आबा म्हणजे मावशीचे सासरे, कळसला कांदा असतो त्यांचा.

"अरं, तुझी साइट हाय का चेष्टा? माज्या फोनात आज माजी पाळी, अन् शेजारच्या दत्तूच्या फोनात आज त्याची. पानी सोडनारा पाटकरी म्हनतुय, दोनी फोनात एकच नाव दिसल्याबिगर व्हॉल्व्ह खोलत न्हाय."

पाळी बाराला सुरू झालेली, चारला संपणार. पुढची आठ दिवसांनी. आणि आबांचा कांदा कालच लावलेला, उन्हात माना टाकून बसलेला.

काय झालंय ते कळलं. जोडीदार अजून जुनाच पत्ता वाटतोय आणि दत्तूचा फोन त्यालाच विचारतोय, म्हणून त्याच्या फोनात जुनी यादी. त्या डब्यात बाहेरून शिरायची वाट मीच बंद करून ठेवलेली, सुरक्षा म्हणून. गाडी हाणली इंदापूरला.

एक वाजता दुकानात. केबल बघितली, ठीक. फायरवॉल बघितली, ठीक. सर्व्हिस तीनदा रीस्टार्ट केली. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एक ओळ तक्रारीची नाही. मशीन म्हणतंय सगळं झकास, आणि तिकडं रान वाळतंय. दर पाच मिनिटाला आबांचा मिस कॉल.

सलीमभाई म्हणाले, "ह्याला कळतं कसं रं, की तिकडं बदल झालाय?"

वैतागून सांगितलं, "फाइलीत वर एक नंबर असतो. तिकडचा नंबर इकडच्यापेक्षा मोठा दिसला तरच हा नवं उचलतो. मी तारीखच टाकतो नंबर म्हणून."

"तारीख? कशी टाकतो?"

"कशी म्हणजे... दिवस, महिना, साल. सगळे लिहितात तशी."

ते कॅलेंडरकडं बघत राहिले. "मंग काल एकतीस हुती. आज एक हाय."

रोज आकडा वाढतच होता की, म्हणून महिनाभर गाडी चालली. एक तारीख आली आणि आजचा नंबर कालच्यापेक्षा लहान झाला. जोडीदाराला वाटलं, आपल्याकडचंच ताजं आहे. साल आधी लिहितात, असं कुठंतरी वाचलं होतं... सोडून दिलं होतं.

साल आधी लिहिलं. जोडीदाराला हुकूम दिला, नंबर न बघता सगळं नव्यानं उतरव. पत्ता पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणी लक्षात ठेवू नये, अशी सोय आदल्या दिवशी करून ठेवली होती. तेवढाच एक शहाणपणा. पावणेदोनला दोन्ही फोनात आबांचं नाव आलं.

आबांना फोन केला. म्हणाले, "पानी आलं बाबा. पन पावणेदोन तास गेलं, ते कुठल्या फोनात दिसत्यात?"

फोन ठेवून गाडीला किल्ली लावली.

भिगवण राहिलं. तसाच कळसला गेलो, बांधावर बसून पाणी सरीत शिरताना बघितलं. दत्तूतात्या तिथंच होते, बाराला आबांशी व्हॉल्व्हवर तावातावानं भांडलेले. उठताना पाटकऱ्याला म्हणाले, "गुरवारच्या माज्या पाळीतलं पावणेदोन तास ह्यांना सोड."

माझी चूक दत्तूतात्यांनी स्वतःच्या पाण्यातून भरून काढली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.