बेस्तरवारचा फोन

चतुराबाई तीर्थपुरीच्या. जालन्यातल्या मुलींच्या एका रिमांड होममध्ये त्या स्वयंपाकाला होत्या, मी शिवण शिकवायचे. साहेबांनी आवाज चढवला की आम्ही माना खाली घालायचो. या बाई भाकरी थापता थापता तोंडावर उत्तर द्यायच्या. मला त्यांचा धाक वाटायचा आणि हेवाही.

अठ्ठ्याण्णव साली पिंपळगाव रेणुकाईची उषा आली. वय चौदा. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातून पळाली आणि बसस्टँडवर पोलिसांना सापडली. आल्यापासून ती एक शब्द बोलत नव्हती, स्वतःचे केस उपटायची. आमचे अधीक्षक साहेबराव म्हणायचे, "नाटकं आहेत." आरोग्य शिबिराला औरंगाबादहून आलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं, हिच्याशी दर आठवड्याला बोलायला हवं, नाहीतर पोरगी हातची जाईल. पण पोलिसांच्या सोबतीशिवाय मुलीला गावाबाहेर नेता येत नसे, आणि पोलीस कधीच मोकळे नसत.

ऑफिसातल्या फोनच्या डायलला कुलूप होतं. कुणी फुकट फोन करू नये म्हणून तेव्हा सगळीच ऑफिसं घालायची. डॉक्टरीणबाई निघाल्या तशा चतुराबाईंनी त्यांना गाठलं. "कुलूप जाणाऱ्या फोनला हाय, येणाऱ्याला न्हाई. तुमीच लावा. बेस्तरवारी दुपारी साहेब घरी जेवाया जातेत."

मग दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, उषा रिसीव्हर कानाला लावून बसायची. आधी नुसती ऐकायची, मग हळूहळू कुजबुजायला लागली. केस उपटणं कमी झालं. आमच्याशी मात्र चकार शब्द नाही! मला रागच यायचा. चतुराबाई म्हणायच्या, "तिथं तर बोलून राह्यली ना? मंग बास."

एकदा साहेबराव लवकर परतले. त्यांनी रिसीव्हर हिसकावून आपटला. "कस्टडीतली मुलगी फोनवर? कामावरून काढीन!"

"काढा. पन आधी लिहून द्या, पोरीला डॉक्टरसंगं बोलू देत न्हाई म्हून. खाली सही बराबर करा."

त्यांनी लिहून दिलं नाही. पुढच्या बेस्तरवारी ते जेवायलाही गेले नाहीत. घंटी वाजली तशी त्यांनीच फोन उचलला. "उषा? ती नाही म्हणते. तिला बोलायचंच नाही."

"खोटं! मला बोलायचंय!"

उषा दारातून ओरडली होती. इतक्या मोठ्यानं, की औरंगाबादेत ऐकू गेलं. चतुराबाईंनी साहेबरावांच्या हातातला रिसीव्हर घेऊन तिच्या हाती दिला.

मग साहेबांची खुर्ची ओढून उषापुढं ठेवली. "बस गं माय. सावकाश बोल."