अळवाच्या कोपऱ्यावरचं दार

आमच्या झरी गावात घरं पावसाळ्यात वर येतात. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसतो. पण काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि आपल्यावर झोपडी आहे की स्लॅबचं घर हे ती बघत नाही. उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाय जातो. श्रावणात तीच माती भिंती उचलून धरते. हे लहानपणापासून ऐकून होते. डोळ्यांनी पाहिलं ते गेल्या वर्षी.

त्या उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला. उजवा हात गेला, पाय कसाबसा वाचला. धाकटा भाऊ पुण्याला न्यायला आला तर म्हणाले, "दिवेलागणीला माझं दार मला उघडता येतंय तवर मी हितंच." आई गेल्यापासून देवापाशी दिवा लावून पुढचं दार सताड उघडायचं काम त्यांचं. लक्ष्मी यायच्या वेळेला दार बंद दिसलं की आमच्या गल्लीतले लोक काय झालं म्हणून विचारायला येतात. मी जिंतूरच्या शाळेत शिकवते. एसटीने घरी पोचेस्तोवर दिवस मावळतो. त्या वेळी घरात ते एकटेच.

भाद्रपदात दार अडकायला लागलं. वरचा कोपरा चौकटीत रुतून बसे, कडी तर लागेचना. एका संध्याकाळी अण्णांनी डाव्या हाताने हिसका दिला आणि तोल जाऊन पडले. मागच्या दाराने मी आत गेले तेव्हा ते तसेच जमिनीवर बसले होते, दाराकडे बघत. हाड मोडलं नाही, नशीब. भावाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "बास आता. दिवाळीला येतो, अण्णांचे कपडे काढून ठेव."

सुताराला बोलावलं. त्याने दार तासलं. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा आला तेव्हा तोही वैतागला. "ताई, अजून तासलं तर उन्हाळ्यात वरल्या फटीतून मांजर जाईल." खोटं नव्हतं. मला इतका राग आला की मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. दाराशी भांडता येत नाही, हीच पंचाईत.

तिथून समोर अळू दिसलं. अण्णांना लांब चालायला नको म्हणून पुढच्या कोपऱ्यात नवी न्हाणी बांधली होती. तिचं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून अण्णांनी ते भिंतीच्या बुडाशी वळवून अळू लावलं होतं. दुखण्यातून उठल्यावर डाव्या हाताने केलेलं त्यांचं ते पहिलं काम. पानं सुपाएवढी झाली होती. पावसाने उघडीप दिल्यामुळे सगळं अंगण वाळलं होतं, एवढाच कोपरा काळाभोर, ओला. आणि त्याच कोपऱ्याकडून एक तिरकी चीर भिंतीवरून चढत चौकटीपर्यंत आली होती.

मी आत जाऊन अण्णांना सांगितलं.

"माझ्याच आंघोळीचं पाणी व्हय?"

"व्हय."

"आन् त्येनं घर उचललं?"

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, नवल होतं. माझ्याही अंगावर काटा आला. एवढं लोखंड, सिमेंट, कपाटं, पलंग, आम्ही दोघं. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवरून ओघळलेल्या पाण्याने हे सगळं तोलून धरलं होतं. त्या मातीची मला भीती वाटली, आणि तिला हात जोडावेसेही वाटले.

"उपट," अण्णा म्हणाले. त्या दिवशी अळूवड्या केल्या. त्यांनी एकच खाल्ली.

न्हाणीचं पाणी पाइप टाकून लांबच्या लिंबाच्या झाडाला सोडलं आणि वाट बघत बसलो. आश्विनातलं ऊन कडक पडलं. रोज सकाळी बसला जायच्या आधी मी दाराचा वरचा कोपरा बघायची. एक दिवस तिथे उजेडाची बारीक रेघ दिसली. पुढे भिंतीतली चीर मिटत गेली, नख शिरेना. कोणी ढकललं नाही, ओढलं नाही, आवाजही झाला नाही. आम्ही जेवत होतो, झोपत होतो आणि घर आपल्या आपण खाली उतरत होतं. निघताना मी भिंतीला हात लावून थोडी थांबायची, देवळात थांबते तशी.

दिवाळीला भाऊ मोठी रिकामी बॅग घेऊन आला. त्याने कडी वाजवली. मी उठायला लागले तर अण्णांनी नजरेनेच मला बसवलं. पाय ओढत गेले, डाव्या हाताने कडी काढली आणि दार ओढलं. ते सुतासारखं सरळ आलं.

भाऊ दाराकडे बघत राहिला, मग अण्णांकडे.

"चपला बाहेर काढ," अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी तो परत निघाला तेव्हा त्या बॅगेत फराळ होता. त्याला वाटेला लावून मी अंगणात उभी होते, तोच माझ्या पाठीमागे दार मिटलं आणि आतून कडी लागली.

"अण्णा, मी बाहेरच हाय."

"ठावं हाय," आतून आवाज आला. "थांब, परत उघडायलोय."