म्हातारीचा डोंगर

आईला वाचून दाखवायचं म्हटलं की हल्ली जिवावर येतं. दिवसभर सालेकशाला शाळेत चौथीचा वर्ग सांभाळायचा, घरी येऊन भाकरी टाकायच्या आणि मग तिच्या खाटेपाशी पुस्तक घेऊन बसायचं.

पुस्तक मात्र माझ्या जिवाभावाचं. मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिणारा हा लेखक मी दहा वर्षांची असल्यापासून माझा आहे. त्याची म्हातारी हरवलेला डोंगर शोधत हिंडते, एसटीत शेजारच्याला विचारते, ‘माझा डोंगर पाहिलात का?’ आणि कुणी हसत नाही. एवढ्यासाठीच मला तो माणूस आवडला. आमच्या गावात सगळ्यालाच हसायचे.

ते पुस्तक मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतून आणलं होतं. आई दुपारी पडवीत बिडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधायची, एका पुड्यात सत्तर पानं. मी शेजारी मोठ्यानं वाचायचे. ती ऐकण्यात गुंगली आणि मोजणी चुकली. संध्याकाळी पानं विकत घेणाऱ्या मुन्शीनं पुडे सोडून पाहिले, तर कुठे साठ, कुठे ऐंशी. सगळा ढीग परत आला. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “मोजतो तवा चूप राहाय. बांधतो तवा वाच.”

सत्तर पानं होईपर्यंत गप्प, गाठ मारेपर्यंत दोन ओळी. अशी गोष्ट कशी संपणार? शाळा उघडली, पुस्तक परत गेलं. पुढे कितीतरी वर्षं ती विचारायची, “मंग, त्या बुढीचा पहाड भेटला का?” शेवट मी नंतर वाचला होता, पण तिला सांगायचं राहूनच गेलं. याची मला लाज वाटते.

यंदा डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी गोंदियाहून नवी प्रत आणली. काल शेवटचं प्रकरण आलं. माझे डोळे मिटत होते. मी म्हटलं, “भेटला तिला डोंगर, आई. झोप आता.”

“असं काऊन सांगतेस? मोजून राहिलो नं मी!”

चादरीवर तिची बोटं नसलेलं एकेक तेंदूपान सरकवत होती. मी गप्प बसले. थोड्या वेळानं बोटं थांबली. झोप लागली वाटून मी सुटकेनं पुस्तक मिटलं.

“बारा बाकी हायेत,” ती डोळे न उघडता म्हणाली. “बस तिथंच.”

मला रडू आलं. मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि बारा होण्याची वाट पाहत बसले.