नेकनूरच्या गयाबाई आणि काँगोच्या जावा

अंगणातून जाताना गयाबाई पदर आवरून चाकाला वळसा घालायच्या. कितीही घाई असो, कडेवर घागर असो, वळसा ठरलेला. बाईने चाकाला शिवायचं नाही, हा त्या कुंभार घराचा रिवाज. माती तुडवणं, भट्टी लावणं, बाजारात बसणं मात्र बाईकडेच. "चाक त्यायचं, बाकी समदं माझं," असं त्या ठणकावून सांगायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

मी त्यांच्या शेजारचा भूगोलाचा मास्तर. एका वर्षी नवरात्राच्या दोन महिने आधी त्यांचे मालक दगडूमामा यांचा उजवा हात लकव्याने गेला. गावाचे घट याच घरातून जायचे. यंदा बीडहून आणू, असं लोक समजुतीने म्हणाले. गयाबाईंना ते फार लागलं. "आमी जित्ते हावोत आन् घट बीडहून?"

मला शिकवायची खोडच. मी मोबाइलवर काँगोच्या कुंभारणी दाखवल्या. तिकडे मडकी घडवणं बहुतेक ठिकाणी बायकांचंच काम. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवत एक बाई वाकून मडक्याभोवती उलट्या पावली फिरत होती.

गयाबाईंनी ते तीनदा पाहिलं. "गुरुजी, मडकं जागीच हाय. बाईच फिरायलीय की! जाव शोभती माझी."

दुसऱ्या दिवशी त्याही अंगणात तशाच मडक्याभोवती फिरू लागल्या. पहिली नऊ मडकी भट्टीत फुटली. जाड झाली होती, आतून ओली राहिली होती. माझंच तोंड उतरलं.

"फुटली तर फुटली. माती काय रुसून जाती व्हय?"

पुढची त्यांनी पातळ केली आणि सावलीत नीट वाळवली.

बाजेवरून मामा म्हणाले, "हे मडकं हाय का भोपळा?"

"भोपळा तर भोपळा. तुमच्या चाकाला हात लावला का मी?"

नाही, अशी मामांनी मान हलवली. पण चांगलं म्हणाले नाहीत.

घटस्थापनेच्या सकाळी लोक दारात आले. घट जरा वाकडे, पण खणखणीत होते. बाईच्या हातचे म्हणून कुणी उचलेना. सगळे मामांकडे पाहत होते. गयाबाई ताठ उभ्या होत्या.

मामा भिंतीला धरून उठले. सगळ्यात वाकडा घट त्यांनी डाव्या हाताने उचलून छातीशी धरला.

"ह्यो आमच्या देव्हाऱ्यात बसंल," ते म्हणाले. "बाकीचे तुमी घ्या."