आमच्या डोक्यावरचे सर

पाय आपटून, अगदी शब्दशः पाय आपटून, बायकोशी गोडीगुलाबीने संसार केलेला माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायला आला. वाशीत आम्ही पहिल्या मजल्यावर, सर दुसऱ्या. वाशी तेव्हा नवी कोरी होती. चार इमारती, मग मोकळं रान, मग पुन्हा चार इमारती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आठ तास कानाला हेडफोन लावून लोकांच्या लायनी जोडायच्या आणि घरी येऊन जरा कानांना विश्रांती द्यावी म्हटलं, तर वरून धप् धप्. दोनदा धप्, थोड्या वेळाने तीनदा, मग एकदाच पण असं की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं. आमच्या ह्यांना म्हटलं, "वरचा माणूस एक तर पैलवान आहे, नाहीतर बायकोला मारतो." हे कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, कूस बदलून म्हणाले, "तूच बघून ये." मग काय, पदर खोचला आणि गेले वर.

दार सताड उघडं. आत किराणा दुकानात असतात तशा काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत पाणी. मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातला एक काटकुळा माणूस, गळ्यात सुतळीने बांधलेलं भिंग. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "दोन म्हणजे चहा, एक म्हणजे माझा चष्मा सापडत नाही. तुम्ही आलात, म्हणजे आता तीन." आणि माझ्यादेखत त्यांनी फरशीवर तीनदा पाय आपटला. स्वयंपाकघरातून हात पुसत वहिनी आल्या आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "या ना, बसा." समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलायच्या, पण पाठमोऱ्या असताना त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, फरशीची थरथर तळपायाला लागली की त्या वळायच्या. भांडायला गेलेली मी, दोन कप चहा पिऊन खाली आले. वर पुन्हा येण्याचं आमंत्रणही घेऊन आले, माझी मलाच शरम वाटली.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पण त्यांचा जीव होता तो माशांच्या कानांत. माशाला कान असतात हेच मला ठाऊक नव्हतं. दिवाळे गावाहून आमच्या गेटाशी मासे विकायला येणाऱ्या कोळणीला त्यांनी एकदा विचारलं, माशाचा कान कुठे असतो माहीत आहे का. तिने पापलेटाचा कल्ला वर केला आणि म्हणाली, "ह्यो काय. लाल हाय का बघ नि घे. तुजा मासा कंचा?" सरांनी आपली बरणी दाखवली. त्यात करंगळीएवढे, अंगावर निळ्या रेघा असलेले मासे, करावे गावाजवळच्या भातखाचरांच्या पाटातून वहिनींच्या जुन्या ओढणीने गाळून आणलेले. कोळीण बराच वेळ बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "बाय, यांना जरा सांबाल. ह्याचा कालवन पन व्हनार नाय."

त्या माशांची पिल्लं काचेसारखी आरपार. सर मला भिंगातून दाखवायचे, पिल्लाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळीने बारीक ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्यात केसांचा झुपका. पाणी हललं की तो हलतो आणि माशाला कळतं. "आपल्या कानात आत असेच केस असतात. फरक इतकाच, की याने ते अंगावर घातलेत." त्या ठिपक्यांना सरांनी बसथांब्यांची नावं दिली होती: तुर्भे, नेरूळ, करावे, दिवाळे, आणि अगदी शेपटीला बेलापूर. एकदा जिन्यात मला पाहून ते चिंतेने म्हणाले, "आज नेरूळ, करावे, दोन्ही बंद. दिवाळ्याचीही आशा नाही." मागून तळमजल्याचे सेक्रेटरी येत होते. त्यांनी बेलापूरच्या ऑफिसात जायचं रद्द केलं, शेजारच्या दोघांना थांबवलं आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'नेरूळच्या पुढे दंगल, बाहेर पडू नये.' दुपारपर्यंत सगळी इमारत खिडक्या लावून बसली होती. संध्याकाळी फळा वाचून सरांनीच मला निरागसपणे विचारलं, "कसली दंगल हो?"

हे ठिपके बंद का पडायचे, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. सर बरणीत एक औषध घालायचे. एकदा ती बाटली हातात घेऊन मी सहज विचारलं, हे कसलं. सरांनी बाटली माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली. मग सांगितलं. लग्नानंतर वहिनींना क्षय झाला होता. रोज एक इंजेक्शन. सरांनी टोचायला शिकून घेतलं आणि एकही दिवस चुकू दिला नाही; कॅलेंडरवर रोज फुली. मध्येच वहिनी म्हणायला लागल्या, कानात शिट्टी वाजते. सर म्हणाले, अशक्तपणाने वाजते, सुई चुकवायची नाही. त्या इंजेक्शनांनी क्षय गेला आणि सोबत कानही गेले. "मी प्राणिशास्त्राचा माणूस," ते म्हणाले, "आणि ती तोंडाने सांगत होती." तेच औषध ते पिल्लांच्या पाण्यात घालायचे. ठिपके मरायचे आणि चार-दोन दिवसांत पुन्हा उगवायचे. वाशीतल्या दोन खोल्यांत हा माणूस वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे होता: माशाला जमतं ते हिला का जमू नये.

प्रेम असावं, पण या माणसाचं प्रेम सोसायला वहिनीच पाहिजेत. उबेत ठिपके लवकर येतात असं दिसल्याबरोबर सरांनी भर मे महिन्यात त्यांना लोकरीची कानटोपी घालायला लावली. आमच्या वाशीत, मे महिन्यात. वहिनी घाम पुसत कपडे वाळत घालायच्या आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवायच्या, पण टोपी काढायच्या नाहीत. आणि दर रविवारी सकाळी दहाला परीक्षा. वहिनींना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, मागे उभं राहून स्टीलच्या ताटावर चमचा मारायचा. खाली मला टण्ण ऐकू यायचं. वहिनींना नाही. मग सर वहीत तारीख घालून लिहायचे, 'नाही'. असे किती रविवार गेले कोण जाणे. मला ते टण्ण ऐकवेनासं झालं. रविवारी दहाला मी मुद्दाम कुकर लावायची.

अशाच एका रविवारी टण्ण झालं आणि पाठोपाठ सर धावत जिना उतरले. पायात चप्पल नाही, हातात ताट तसंच. "टेलिफोनबाई, वळली! ती वळली!" त्यांच्याच्याने पुढे बोलवेना. मी त्यांना पाणी दिलं आणि मीही रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना वहिनींनी मला गच्चीच्या कोपऱ्यात ओढलं. सरांच्या खिडकीशी आता माशांसाठी नवी मोठी काचेची पेटी आली होती. "तिच्यात मागचं सगळं दिसतं हो. यांनी चमचा उचललेला दिसला. यांचे केस बघितलेत का, पार पांढरे झाले. किती वर्षं बिचाऱ्यांनी 'नाही' लिहायचं?" मग म्हणाल्या, "सांगायचं नाही हं." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक, पण एवढी एक गोष्ट मी गिळली.

पुढच्या रविवारी मी कुकर लावला नाही, कान देऊन बसले. दहा वाजले, सव्वादहा झाले, टण्ण काही आलं नाही. नंतर कधीच आलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "सिद्ध झालं ना एकदा. अजून फक्त ताटापुरतं उघडलंय, पण उघडलंय." चहासाठी मात्र दोनदा पाय आपटणं तसंच चालू राहिलं. मी मनात म्हटलं, हुशार माणूस, पण बायकोने भोळा करून टाकला.

सर रिटायर झाले आणि दोघं त्यांच्या गावी, कोकणात गेली. मासे करावे गावाच्या पाटात सोडले. वह्यांचा गठ्ठा सरांनी माझ्याकडे ठेवायला दिला. गावी वाळवी खाईल म्हणाले. माळ्यावर टाकण्याआधी मी चाळला. पानंच्या पानं 'नाही', 'नाही'. मग तो रविवार: 'हो', खाली दोन रेघा. आणि त्याच्या पुढच्या रविवारी, त्याच नीटस अक्षरात: 'खात्रीसाठी चमचा नुसता उचलला. ताटाला लावला नाही. तरी वळली. हसली. परीक्षा बंद.'

दर दिवाळीला दोघांचं एक पत्र येतं. वरचं अर्धं सरांचं, खालचं वहिनींचं. वहिनी लिहितात, हे खूश आहेत, तेवढं मनात ठेवा. सर लिहितात, ती खूश आहे, वह्या जपून ठेवा. जन्मभर मी लोकांच्या लायनी जोडून दिल्या. ही एक मात्र जोडली नाही.